चेअरमन वर येईपर्यंत

तीर्थरूप मोठ्याआईच्या पायी मुक्ताचा शिरसाष्टांग नमस्कार.

इकडे सगळे खुशाल आहोत (म्हैस सोडून, ती कडबा नुसता हुंगते, आणि कडबा बघता तिची चूक म्हणता येत नाही). रुक्मिणीताई आणि बाळ कसे आहेत? बाळ कुणावर गेलं ते विचारत नाही, दृष्ट लागायची. सिरसाळ्याला पाणी तरी आहे का? आपल्याकडे टँकर येतो म्हणतात.

तू ताईच्या बाळंतपणाला गेलीस आणि पाठोपाठ आबांनी दूध सोसायटीच्या खास सभेची नोटीस काढायला लावली. सचिव मी, म्हणून अक्षर माझंच (तूच कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर गिरवून घेतलेलं). विषय दोन: गावातलं दूध केंद्र मांजरसुंब्याला, आबांच्या भाच्याच्या धाब्यामागं हलवणे, आणि नवा चेअरमन निवडणे (म्हणजे पुन्हा आबाच). जागा सटवाईच्या डोंगरावर, देवीपुढं, म्हणजे ती पावसाचं बघेल. नोटीस लागल्यावर मला उमगलं की आबांना पाऊस नको होता, रिकामी सभा हवी होती. गडीमाणसं ऊसतोडीला गेलेली. सभासद उरल्या त्या बायका, त्यातही म्हाताऱ्या जास्त. त्या चढणार नाहीत, कोरम भरणार नाही, मग अर्ध्या तासानं आबांच्या चार माणसांत सभा उरकता येते. नियमच तसा आहे. केंद्र गेलं तर या बायकांनी लोटाभर दूध घेऊन रोज मांजरसुंबा गाठायचा कसा? औंदा घरात येणारा पैसा तेवढाच.

पण आबांनी तो डोंगर जन्मभर ओट्यावरूनच बघितलाय. छबुबाई रोज सरपणाला त्यावर जाते. ठरल्या सकाळी उजाडता उजाडता साऱ्याजणी निघाल्या, सुनांच्या तक्रारी करत, एकदाही न थांबता. शेळ्यांची पायवाट आहे, चढ बेताचा, कडेनं सीताफळीची झुडपं. दमले मी एकटी. सोसायटीचा शिक्का पदरात बांधला होता, तो पडला तर, या काळजीनं मी निम्मी वाट उलटी बघत चालले. वर गार वारा होता. मांजरसुंब्याच्या ट्रका मुंग्यांसारख्या, नेकनूरची घरं सांडलेल्या ज्वारीसारखी, आणि खाली, अगदी पायथ्याशी, एका दगडावर बसलेले आबा. मग दुसऱ्या दगडावर. त्यांची चार माणसं मागं पाण्याचा तांब्या धरून. चेअरमनच्या पुढं जायचं कसं, म्हणून तीही अडकली.

वेळ झाली. कोरम भरून वर सांडत होता, तरी मी आणखी थांबले (नियमात नाही, पण वडीलमाणूस चढत होतं).

"पोरी, म्हशीला नियम कळत न्हाई," छबुबाई म्हणाली. "धार काढायची हाय. कर सुरू."

खालून आबांचा आवाज आला, मी येईस्तोवर थांबा म्हणून. भिवराबाई कड्याशी जाऊन म्हणाली, "या की, आबा. हितून तुमचा वाडा लई बारका दिसतोय."

दोन्ही ठराव एकमतानं झाले. केंद्र गावातच राहणार. मोठेआई, मी लिहिलं त्यात एक खाडाखोड नाही.

आबा पोचले तेव्हा नारळ फुटला होता. केंद्राचं ऐकून त्यांनी पटका सोडून घाम पुसला. चेअरमन कोण झालं, एवढंच विचारलं.

"चेअरमनकी तुमच्याच घरात हाय," छबुबाई म्हणाली. "बसा, खोबरं खा."

त्यांची कळी खुलली. चारी दिशा बघून म्हणाले, "इतका सोपा डोंगर हाय, तर मला कुणी कावून सांगितलं न्हाई?"

बाळाला माझा गोड पापा.

तुझी,
मुक्ता

ता. क. चेअरमन तू झालीस. आबांनीच मागं दोन म्हशी आणि एक शेअर तुझ्या नावावर केला होता. तुला न विचारता तुझं नाव घेतलं, हे मला फार टोचतंय. सोबतच्या संमतीच्या कागदावर सही करून लगेच धाड. नाही म्हणू नकोस.

ता. क. २. पत्र आबांच्याच हाती देते आहे. उद्या ते नातू बघायला निघालेत. त्यांनी विचारलं असतं तर आत काय आहे ते मी खरं सांगितलं असतं. त्यांनी विचारलं ते एवढंच, की तिकडं कुठला डोंगर आहे का.