बिशपचा झगा

७ फेब्रु. २०१४, शुक्र. सोहार लेबर कॅम्प, ओमान
प्रार्थना चालवतो मीच, पण शांतवन फिटरच्या खोलीत. माझ्या नको, मी फोरमन, नजर असते. अकरा जण.
ईस्टरला चर्चच्या आवारात नाटक करायचं पक्कं. मीच लिहिलंय. रोमी राज्यातला म्हातारा बिशप. सुभेदार त्याच्याकडे मंडळीची नावं मागतो, तो जीव देतो, नाव देत नाही. बिशप शांतवन. दाढी आहे, आवाज आहे. सुभेदार मोझेस, मेसचा कुक. मी मंडळीचा पुढारी, दिग्दर्शकही मीच. लय हौस.

१२ फेब्रु., बुध.
गाण्याचा आवाज बाहेर गेला. खोलीत जमाव करायचा नाही, सह्या केल्यात आम्ही. कॅम्प बॉसनं मला ऑफिसात बोलावलं. मोझेस दोन कप सुलेमानी, बिनदुधाचा चहा, ठेवायला आला तेव्हाच बॉस म्हणाला, "सबका नाम नहीं चाहिए. एक बोल. चलाता कौन है? बाकी खलास."
गावी माझ्या दोन पोरी. थोरली बारावीला.
"शांतवन."
इतकं सोपं निघालं तोंडातून! थू माझ्यावर. मग बसून चहा संपवला. साखर फार होती.

१६ फेब्रु., रवि.
शांतवनचा व्हिसा कॅन्सल. सामान बांधायला एक तास दिला. गाडीत बसताना चादरीचा शिवलेला बिशपचा झगा माझ्या हातात दिला. "भाऊ, बगलेत उसवलाय, टाका घाला." मग हळूच, "मोझेसनंच माझं नाव सांगितलं. ऑफिसात येणंजाणं त्याचंच."
मी म्हणालो, "असेल."
शांतवन खोटा पुढारी ठरून गेला, आता मोझेस चुगलखोर. एका आठवड्यात दोन माणसं मारली मी.

२१ फेब्रु., शुक्र.
मोझेसशी कुणी बोलत नाही. त्याच्या हातची चपाती खातात, तोंड फिरवून. आज चर्चमध्ये उपासना सुटल्यावर नेहमीसारखं सलाम करत सगळ्यांनी हात मिळवले. त्याचा हात तसाच पुढे. एकेक जण टाळून गेला. शेवटी माझ्यासमोर आला.
मी गायनाची पुस्तकं गोळा करायला वाकलो.
त्यानंही चार पुस्तकं उचलून दिली.

२८ फेब्रु., शुक्र.
बिशपची वाक्यं फक्त मलाच पाठ. म्हणजे बिशप आता मीच. झगा बसला, बगलेत टाका घातलाय.
तालीम आवारातच. मोझेसला काढा म्हणत होते सगळे. मी म्हणालो, राहू द्या. काय मोठा उपकार!
मी गुडघ्यावर. मोझेस समोर. वाक्य होतं, "तुझ्या मंडळीची नावं सांग." तो वाकला आणि मलाच ऐकू जाईल असं म्हणाला, "भाऊ, त्या दिवशी चहात साखर जास्त पडली का हो? तुम्ही नाव घेतलंत तेव्हाच घालत होतो मी."
त्यानं ऐकलं होतं. सगळं. आणि पंधरा दिवस गप्प आहे.
मंडळीला वाटलं मी विसरलो. मागून एकानं जोरात वाक्य सांगितलं, "माझ्या तोंडून एकही नाव निघणार नाही! भाऊ, म्हणा की!"
मोझेस सरळ उभा राहिला. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, तोही.