धुराड्याचा पत्रा

१२ सप्टेंबर

पुन्हा गळलं! धुराड्याच्या कडेनं ओघळ आला, खाली बाबांच्या खुर्चीवर टपटप. आईनं गुपचूप बादली आणून ठेवली. म्हटलं, आता कुणाला तरी बोलवू या. म्हणे, "तुझे बाबा दरवर्षी डांबर फासायचे ना." बाबांना जाऊन चौथं वर्ष लागलं. कोण फासणार?

१४ सप्टेंबर

पत्रेवाले काका येऊन गेले. बाबांचे जोडीदार – दोघांनी मिळून अर्ध्या गावाची छपरं केली. काकू गेल्यापासून एकटेच असतात. वर चढून डांबराचे थर खरवडले आणि हसतच सुटले. "वहिनी, दिव्याखाली अंधार बघा! गावाच्या धुराड्यांना पत्रा, आणि स्वतःच्या घरी डांबर!"

आई फणकारली, "सवड कुठे होती त्यांना!" मग तीही हसली.

१५ सप्टेंबर

दिवसभर तेच डोळ्यांपुढे. डांबराचा रविवार! बाबा वर, आई शिडी धरून, मी डबा ढवळतेय. वास नाकात जाऊन बसायचा. बाबा बेसूर गायचे. आई ओरडायची, "आधी गाणं थांबवा, नाहीतर शिडी सोडते!" मग ते आणखी मोठ्यानं गायचे. काम संपलं तरी उतरायचे नाहीत. धुराड्याला पाठ टेकून सगळं गाव बघत बसायचे. दर खेपेला म्हणायचे, "पुढच्या वर्षी पत्रा बसवू." मला वाटतं, त्यांना पत्रा बसवायचाच नव्हता. एकदा बसला की वर चढायला निमित्त कुठलं?

१९ सप्टेंबर

बसला पत्रा. काकांनी भोवतीची कौलं उतरवली, डांबर तासून काढलं. आधी खालच्या अंगाला पट्टी, मग दोन्ही बाजूंना एकावर एक चढत जाणारे तुकडे, शेवटी वरच्या अंगाला. "पाणी वरून खाली येतं, म्हणून आपण खालून वर जायचं. वरचा पत्रा खालच्याच्या अंगावर हवा." विटांच्या सांध्यांत खाच पाडून कडा आत दाबल्या.

आणि आई! बाबा गेल्यापासून शिडीला हात लावला नव्हता. आज आपणहून जाऊन धरली. तिला बाबाच आठवत असणार.

२० सप्टेंबर

धो धो पाऊस. एक थेंब नाही!

२४ सप्टेंबर

काका आले. "गळत नाही ना, बघायला आलो." तीन दिवस कडक ऊन पडलंय! तरी वर न चढता चहा पीत बसले.

२९ सप्टेंबर

पुन्हा काका. आईचं हसणं रस्त्यापर्यंत ऐकू येत होतं. बाबांच्या गमती निघाल्या असतील. बरं वाटलं. घरात त्यांचं नाव निघायचंच थांबलं होतं.

६ ऑक्टोबर

आई भाजी चिरताना म्हणाली, "काका मला लग्नाचं विचारतायत. मी हो म्हणून बसलेय. तुला चालेल ना गं?"

तिच्या हातातली सुरी काढून घेतली आणि तिला जवळ घेतलं. कितीतरी वेळ दोघी रडलो. मग मी विचारलं, "आता मी काकांना काय म्हणून हाक मारायची?" ते तिलाही ठाऊक नव्हतं!