राखनगरच्या भोंग्याची निरवानिरव

मी, फुमिए सेतोगुची, वय सत्तेचाळीस, धंदा कार्टूनपात्रांना आवाज देणे, राहणार नेरिमा, तोक्यो, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. धाकट्या बहिणीचे मत वेगळे आहे, ते पुढे येईल.

येत्या सोमवारी माझ्या घशाचे ऑपरेशन आहे. त्यात स्वरयंत्र काढून टाकतील. जीव वाचेल असे डॉक्टर म्हणतात. आवाजाबद्दल ते काही म्हणत नाहीत, खिडकीकडे बघतात. म्हणजे माझा एक भाग माझ्याआधी जाणार आहे आणि त्याचीही व्यवस्था मलाच लावायची आहे.

कलम एक. नेरिमातला माझा फ्लॅट बहीण चिनात्सु हिला मिळावा. ती आमच्या गावी, चिचिबुला, टोफूचे दुकान चालवते आणि तोक्योच्या पाण्याला नावे ठेवते, त्यामुळे ती इथे राहायला येणार नाही. तिने तो विकावा. झोपायच्या खोलीतल्या कपाटाला आतून रजया ठोकलेल्या आहेत. घेणाऱ्याने विचारले तर इथे एक बाई किंचाळण्याचा सराव करत असे, हे खरे सांगावे. शेजाऱ्यांना सगळे माहीत आहे, लपवून उपयोग नाही.

कलम दोन. बँकेत जे असेल त्यातून आईच्या वृद्धाश्रमाचा खर्च ती असेपर्यंत व्हावा. उरेल ते चिनात्सुचे. आईच्या खोलीची खिडकी गावात रोज संध्याकाळी पाचला वाजणाऱ्या भोंग्याच्या बाजूला आहे. स्वस्त पडते म्हणून तिला मागच्या बाजूच्या खोलीत हलवू नये. आईला दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही, संध्याकाळ झाल्याचे तिला त्या भोंग्यावरूनच कळते.

कलम तीन. माझे कपडे एजन्सीतल्या नव्या मुलींना द्यावेत. माइकसमोर खसखसणारे कापड चालत नाही, म्हणून माझ्याकडे सगळे सुती आणि धुऊन धुऊन मऊ झालेले आहे. मलाही शेवटी सुतीच नेसवावे. सवय आहे.

कलम चार. माळ्यावरच्या खोक्यांत लोखंडी खांबाची काही खेळणी आहेत. खांबाच्या टोकाला भोंगा आहे आणि बटण दाबले की तो बोलतो. हा माझा एकमेव पुतळा. बाजारात तो खपला नाही. चिनात्सुने दुकानात येणाऱ्या मुलांना वाटून टाकावा. कोणी घेतला नाही तर मागच्या परसात कावळे हाकलायला लावावा.

वकील ओनुकीबाईंनी हे कलम वाचून विचारले, "खांब तुमचा पुतळा कसा?" त्यांनी ‘राखनगर’ पाहिलेले नाही. त्यांच्यासाठी आणि न्यायालयासाठी थोडक्यात लिहिते.

‘राखनगर’ ही बावीस वर्षांपूर्वीची अॅनिमे मालिका. तोक्योवर राख पडलेली आहे, शहरात एकही मोठा माणूस उरलेला नाही. दोन मुले ढिगाऱ्यांतून हिंडतात. रोज संध्याकाळी एका वाकलेल्या खांबावरचा भोंगा वाजतो: "पाच वाजले. मुलांनो, आता घरी जा." घर कुठेच नाही. भोंग्याला ते माहीत नाही. तो भोंगा मी.

आता सुप्रभातबद्दल. आमच्या धंद्यात स्टुडिओत शिरणारा माणूस वेळ कुठलीही असो, "सुप्रभात" म्हणतो. दुपारी, संध्याकाळी, केव्हाही. पहिल्या भागाच्या दिवशी मी अंधार पडताना पोहोचले, माइकच्या खोलीचे दार ढकलले आणि सवयीने म्हटले, "सुप्रभात." माइक चालू होता. ध्वनिदिग्दर्शक निशिगाकीसाहेबांनी ते कापले नाही. त्यामुळे त्या मेलेल्या शहरावर सूर्य मावळतो आणि भोंगा म्हणतो, "सुप्रभात. पाच वाजले. मुलांनो, आता घरी जा." यावर लोकांनी जाड पुस्तके लिहिली. पृथ्वी उलटी फिरू लागली असावी असे एकात आहे. लेखकाने मला ते भेट दिले. तेही चिनात्सुला मिळावे, दुकानातले टेबल हलते.

कलम पाच. निशिगाकीसाहेबांना काहीही मिळू नये. ते वैर म्हणून नाही, वैर वेगळे आहे. मला न विचारता माझी सवय त्यांनी सगळ्या देशाला ऐकवली आणि त्यानंतर मला दुसरे धड काम मिळाले नाही. प्रत्येक जागी "या, भोंगाताई" म्हणत. पण त्यांना साक्षीदार व्हायचे आहे आणि साक्षीदाराने काही घेऊ नये असे ओनुकीबाई सांगतात. हे दोघांच्याही सोयीचे आहे.

कलम सहा. माझा आवाज.

ओनुकीबाई म्हणतात, कायद्याने आवाज ही मालमत्ता नाही. तरी तो मागायला माणसे येतात. ‘राखनगर’चा नवा भाग निघतो आहे. कंपनीचा करार घेऊन निशिगाकीसाहेब स्वतः आले. आम्ही स्टेशनमागे सोबाच्या शेवया खायला बसलो.

"तुझ्या जुन्या टेप यंत्राला ऐकवायच्या," ते म्हणाले. "मग आपण लिहू ते तुझ्या आवाजात बोलतं. तू गेलीस तरी भोंगा वाजत राहील."

"हे तुम्हाला चांगलं वाटतं?"

"मला विचारू नकोस. मला हल्ली सोबा पण चांगला वाटत नाही." वाटी बाजूला सारत म्हणाले, "पण त्यात तुझाही फायदा आहे, भोंगाताई. ऑपरेशननंतर तू टाइप करशील, ते बोलेल. आईला फोन करता येईल."

ते पाताळयंत्री गृहस्थ आहेत. वर्मावर नेमके बोट ठेवतात.

मी आईला रोज फोन करते. गावचा भोंगा वाजून गेला की लगेच. ती फोनवर येते आणि मी सवयीने म्हणते, "सुप्रभात." आई म्हणते, "कसली सुप्रभात, मेले! दिवे लागले. तोक्योत सूर्य काय मागच्या दाराने उगवतो?" मग विचारते, "जेवलीस का?" बाकी विशेष बोलणे होत नाही. तिला पत्र वाचता येत नाही, माझा चेहरा दिसत नाही. तिच्यापाशी माझे जे आहे ते एवढेच.

म्हणून कंपनीने नमुन्याचे यंत्र पाठवले तेव्हा मी ते करून पाहिले. चिनात्सु त्या दिवशी माझ्याकडे आली होती. मी टाइप केले, यंत्र फोनमध्ये म्हणाले, "सुप्रभात." आवाज माझाच होता, आजारी पडण्याआधीचा.

"कसली सुप्रभात, मेले!" आई म्हणाली. आणि पुढचे सगळे, सूर्यासकट.

मी शेजारी तोंड मिटून बसले होते. माझी शिवी यंत्राला मिळाली होती.

चिनात्सु मात्र डोळे पुसत होती. "झालं की काम! ताई, आता तुला काही झालं तरी आईला कळायची गरज नाही. हा आवाज रोज फोन करेल. सुप्रभात म्हणेल, जेवले म्हणेल. म्हातारीला कशाला रडवायचं?"

"आणि मी मेलेली असेन?"

"तिला काय दिसतंय?"

"चिनात्सु!"

"ओरडू नकोस, घसा जाईल. म्हणजे… जाणारच आहे, पण तरी. तुझं डोकं ठिकाणावर नाही, ताई. फुकटात मिळतंय ते नको म्हणतेस."

तिच्या मनात वाईट काही नाही. आईला आंघोळ ती घालते, नखे ती कापते, आई रडली तर समोर तीच असणार. मी लांबून फोन करते. तिचे म्हणणे खोटे आहे असे मला सिद्ध करता येत नाही. मी एवढेच सांगू शकते की ते शहर मी पाहिले आहे. मी त्या खांबावर होते. तिथे आवाज रोज वेळेवर येतो, प्रेमळ असतो, आणि त्याच्या पाठीमागे कोणी नसते. ती दोन मुले शेवटपर्यंत खांबाच्या बाजूने चालत राहतात, कारण आवाज आहे म्हणजे तिथे कोणीतरी असणार असे त्यांना वाटते. लोक त्या प्रसंगाला रडले. मला कंपनीकडून फुले आली. माझ्या आईला मी तसे चालायला लावणार नाही.

म्हणून अशी व्यवस्था करते. मी जिवंत आहे तोवर यंत्र वापरीन, कारण टाइप करणारी मी असेन. आईच्या "जेवलीस का" ला ते जे उत्तर देईल ते माझे असेल, खोटे असले तरी माझे. मालिकेला जुन्या टेप वापरू द्याव्यात, एकही नवे वाक्य बनवू नये. मी मेले की त्याच दिवशी यंत्र बंद करावे. माझ्या आवाजाने त्यानंतर कोणालाही फोन करू नये, आणि आईला तर नाहीच.

कलम सात. माझा मृत्यू आईआधी झाला तर चिनात्सुने तिला तो सांगावा. फोनवर नव्हे, जाऊन, हात धरून. त्यानंतर रोज गावचा भोंगा वाजून गेला की तिने आईला फोन करावा आणि "सुप्रभात" म्हणावे.

ती म्हणेल, मी टोफूवाली, माझी सकाळ कोंबड्याआधी होते, संध्याकाळी मला झोप येत असते, आणि माझा आवाज फाटका आहे. हे सगळे मला मान्य आहे. तुझ्याच फाटक्या आवाजात म्हण, चिनात्सु. माझी नक्कल करू नकोस. पहिले काही दिवस आई फोन ठेवून देईल. तू दुसऱ्या दिवशी पुन्हा कर. कधीतरी ती चिडेल आणि म्हणेल, "कसली सुप्रभात, मेले!" ती शिवी नीट ऐकून घे, उलट बोलू नकोस. मग ती विचारेल, जेवलीस का. जेवली नसलीस तरी हो म्हण.

फ्लॅट आणि पैसे तिला या अटीशिवायही मिळावेत. ही अट नाही. मी विनंती करते आहे.

हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राला साक्षीदार लागत नाहीत. पण माइकसमोर असताना काचेपलीकडे कोणीतरी ऐकत असावे, अशी मला सवय आहे.

फुमिए सेतोगुची (सही, शिक्का)
नेरिमा, तोक्यो. रेइवा सहावे वर्ष (२०२४), १४ नोव्हेंबर.

साक्षीदार १. हारुए मिनेगिशी, वृद्धाश्रमातील सेविका, चिचिबु. रोज फोन आजींच्या कानाशी मी धरते. शिवीचे शब्द वर बरोबर उतरले आहेत. फोन ठेवल्यावर आजी हसतात, ते यात नाही.

साक्षीदार २. तात्सुओ निशिगाकी, ध्वनिदिग्दर्शक. मृत्युपत्र करणारीने सगळा मजकूर मला स्वतःच्या आवाजात वाचून दाखवला. एकदाच, न अडखळता. काही कापण्यासारखे नाही. ती शुद्धीवर असल्याचा पुरावा म्हणून नमूद करतो की मी दार उघडून आत आलो तेव्हा आम्ही दोघेही एकदम "सुप्रभात" म्हणालो. बाहेर दिवे लागले होते.