माझी डावी टाच

सर, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी तुमच्यावरचा माझा राग गेलेला नाही. तो जावा असं मला वाटतही नाही. तुमच्या शोकसभेत सगळे चांगलं बोलले म्हणे. मी आले नव्हते. आले असते तर मला उठून हेच बोलावं लागलं असतं, म्हणून आता लिहिते.

विठ्ठलवाडीला डेपोच्या मागे तुमची पत्र्याची व्यायामशाळा होती. संध्याकाळी मुलगे, सकाळी आम्ही मोजक्या मुली. शाळेत मी गोळा फेकायचे, तिथून तुम्ही मला वजनाकडे वळवलंत, हे खरं आहे. त्या काळात आमच्या भागात मुलीच्या खांद्यावर बार ठेवणारा दुसरा कुणी नव्हता. बाबा अंबरनाथला कारखान्यात होते आणि मी उल्हासनगरला एका सिंधी शेठकडे जीन्स शिवायला बसायचे. जिल्ह्याला पहिली आलीस तर खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी लागेल, असं तुम्ही घरी येऊन सांगितलंत. आईने तुम्हाला चहा दिला आणि तुम्ही गेल्यावर शेजारणीला जाऊन ते सांगून आली. आमच्या चाळीत सरकारी नोकरी म्हणजे काय, हे तुम्हाला पुरेपूर माहीत होतं.

स्क्वॉटला, म्हणजे खांद्यावर बार घेऊन बैठक मारताना, खाली बसले की माझा बार तिरका व्हायचा. उजवी बाजू खाली, डावी वर. तुम्ही समोर हाताची घडी घालून उभे राहायचात आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून ओरडायचात, सरळ राहा, सरळ राहा. सरळ कसं राहायचं ते कधी सांगितलं नाहीत. वजन वाढत गेलं तशी कंबर उजवीकडून धरायला लागली. शेठकडे शिवणाच्या मशीनवर बसले की कळ थेट मांडीत उतरायची. मी तुम्हाला सांगितलं. सगळ्या मुली तिथेच होत्या. तुम्ही हसलात आणि म्हणालात, "दुखतंय म्हणून कुणी मेडल देत नाही. नाटकं बंद कर." मग बारच्या दोन्ही टोकांना वजनाची आणखी एकेक प्लेट चढवलीत आणि माझ्या कमरेचा पट्टा तुमच्या हातांनी आवळलात.

त्याच आठवड्यात मी खाली गेले आणि वर आलेच नाही. बार मागे पडला आणि मी पुढे. दोन मुलींनी मला रिक्षात घालून घरी आणलं. तुम्ही आला नाहीत. मी जमिनीवर गोधडी टाकून पडून होते, आई माझ्या पायात चप्पल सरकवून मला मोरीपर्यंत न्यायची, आणि तिकडे तुम्ही माझ्या जागी दुसरी मुलगी जिल्ह्याला नेलीत. हिच्यात दम नाही, असं सगळ्यांना सांगितलंत. शेठने मशीनवर दुसरी बाई बसवली. त्याचा मला राग नाही, त्याला माल द्यायचा होता. तुम्हाला काय घाई होती?

उल्हासनगरला व्यायामाने उपचार करणाऱ्या एक डॉक्टरबाई होत्या. त्यांनी मला अनवाणी उभं केलं, दाराची चौकट धरून खाली बसायला लावलं आणि स्वतः मागे जाऊन बघत राहिल्या. मग विचारलं, डाव्या घोट्याला काय झालं होतं? लहानपणी वांगणीजवळ मामाच्या गावी मी झाडावरून पडले होते. घोटा मोडून वाकडा बसला होता. तो पुरता वाकत नव्हता, म्हणून खाली जाताना डावी टाच उचलायची आणि सगळा भार उजव्या कमरेवर जायचा. एवढंच होतं, सर. पहिल्याच दिवशी तुम्ही जुनी दुखापत विचारली होतीत आणि मी घोट्याचं सांगितलं होतं.

मग मी पुन्हा शून्यापासून सुरुवात केली. भिंतीला पाय लावून घोटा ताणायचा, टाचांखाली लाकडी पट्टी घ्यायची, पोटात श्वास धरून रिकामा बार घेऊन सावकाश बसायचं, खाली थांबायचं, दोन्ही पायांवर सारखा भार आला असं वाटलं की उठायचं. कितीतरी महिने प्लेटीला हात लावला नाही. अंबरनाथच्या व्यायामशाळेतले मुलगे रिकाम्या बारला हसायचे. मी तुमचा चेहरा डोळ्यांसमोर ठेवायचे आणि खाली बसायचे. खोटं कशाला सांगू, त्या दिवसांत तुमच्याइतका उपयोग मला कुणाचा झाला नाही.

पुढे मी जिल्ह्याला उतरले तेव्हा तीन पंचांपैकी एक तुम्ही होतात. स्क्वॉटच्या शेवटच्या उचलीला दोन पांढरे दिवे लागले, म्हणजे उचल मान्य, आणि तुमचा लाल, म्हणजे बाद. दोन पांढरे पुरेसे होते, मी पहिली आले. कप द्यायलाही तुम्हालाच बोलावलं. तुमच्या हातून तो घेताना मी म्हणाले, "सर, आता पाठ दुखत नाही."

तुम्ही माझ्याकडे नीट बघितलंत आणि म्हणालात, "दुखत होती तर तेव्हाच सांगायचं होतंस."

तुम्ही खोटं बोलत नव्हतात. तुम्हाला खरंच आठवत नव्हतं. मला तिथेच कप तुमच्या पायाशी टाकावासा वाटला होता, पण आई समोर बसली होती. कोट्यातल्या नोकरीचं वय तोवर निघून गेलं होतं, हे तुमच्या गावीही नव्हतं. पालेगावला मी स्वतःचा वर्ग काढला तेव्हा तुमच्याकडे शिकणाऱ्या मुली एकेक करून माझ्याकडे आल्या, आणि शेवटी तुमच्याकडची मुलींची सकाळची वेळच बंद पडली. मला त्याचं फार सुख झालं, अजूनही होतं.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. ती मी आईलाही सांगितली नाही. त्या शेवटच्या उचलीला मी नियमाप्रमाणे पुरती खाली गेले नव्हते. बार खांद्यावर होता तेव्हाच मला ते कळलं होतं. तुमचा लाल दिवा बरोबर होता.