घानाला जायची माझी तयारी

४ एप्रिल
सर्वेशला आफ्रिकेत घानाला बंदरावर नोकरी लागली. तीन वर्षं. तो, सून गौरजा आणि नात इशिता जाणार. म्हणजे मीही. तसं कुणी बोललं नाही, पण सहा वर्षांच्या पोरीला पेज कोण भरवणार? गौरजाच्या पेजेत शीत शोधावं लागतं. उद्यापासून तब्येतीची तयारी.

७ एप्रिल, सकाळी
सर्वेशने कणकवलीला नेऊन माझं सगळं तपासून घेतलं. रक्त, लघवी, छातीची पट्टी. परदेशी जाणाऱ्याचं असंच बघतात. बीपी जास्त निघालं. जिना चढून आलेल्या बाईचं बीपी बघतो, तो कसला डॉक्टर. रोज एक गोळी घ्या, मीठ कमी करा म्हणाला. आजपासून खारं बंद.

दुपारी
सुका बांगडा एकच खाल्ला. दुसरा अर्धाच होता.

१२ एप्रिल
नवा चष्मा. फोटो पण काढले, पासपोर्ट साईझ. म्हणजे पासपोर्टचं काम चालू झालं. सर्वेश बोलत नाही, पण करतो सगळं.

१५ एप्रिल
गौरजाने मलेरियाच्या गोळ्या आणल्या. तिघांच्याच. मला नकोत हे तिला कळलं, एवढी तरी अक्कल आहे. मी लहानपणापासून काडेचिराईताचा कडू काढा पिते. डास माझ्या अंगावर बसून पस्तावतो.

१९ एप्रिल
तिघं दोडामार्गला काजू आणायला गेली. मला गाडी लागते म्हणून नेलं नाही. संध्याकाळी दंड चोळत आली. पोतं उचललं असणार. इशिताचाही दंड दुखत होता. पोर कामाची निघाली. पोतं कुठे ठेवलं ते दिसलं नाही.

२३ एप्रिल
सर्वेशने न्हाणीघरात भिंतीला धरायची दांडी बसवली. तीन वर्षांनी परत येईन तेव्हा लागेल. लांबचा विचार करतो. गोळ्यांचा सात घरांचा डबा आणला, रोजचं एक घर. शेजारच्या सारिकाला बीपीचं मशीन शिकवलं. मी नसताना तिच्या सासूला उपयोगी पडेल.
आज पाच किलो कुळीथ भाजले. पिठी घानाला मिळत नसणार. मनगट भाजलं. सर्वेश दारात उभा राहून बघत होता.

२७ एप्रिल
देवळात कौल लावला. गुरवाने देवीला फुलांचे कळे लावले. मी विचारलं, घानाचा प्रवास निर्विघ्न होईल ना? उजवा कळा झटकन पडला. उजवा म्हणजे हो. सारिकाला सांगितलं, तर तिने मान खाली घातली. जळते.

३ मे
पिठीचा डबा त्यांच्या बॅगेत कोंबत होते. तळाशी तीन पिवळी पुस्तकं सापडली. नवा चष्मा लावून वाचली. पिवळ्या तापाची लस. सर्वेश, गौरजा, इशिता. गोव्यात टोचली, तारीख १९ एप्रिल. काजूचा दिवस. चौथं पुस्तक आहे का म्हणून बॅग उलटी केली. फक्त कपडे.
सर्वेशला विचारलं. खाली बघून म्हणाला, "आये, तुझ्या वयाक ती लस झेपाची नाय, असा डॉक्टर मार्चातच म्हणालो."
मार्चात. मला नोकरी कळली एप्रिलात.
मी म्हटलं, "मगे माका कुळीथ भाजताना बघीत रवलंस?"
रोज सांगायचं ठरवत होता म्हणे. फोटोचं विचारलं. ते ज्येष्ठ नागरिकाच्या कार्डाला. सारिकाला सगळं ठाऊक होतं. तिच्या सासूलासुद्धा.

४ मे
जेवले नाही. घानाला जायचंच नव्हतं मला. उकडतं तिथे. पिठीचा डबा बॅगेतून काढला.

५ मे
इशिताने पिठी मागितली. परत भरला.

९ मे, सकाळी
काल गेली तिघं. गुरवाशी भांडायला निघाले होते. अर्ध्या वाटेत आठवलं, मी देवीला प्रवासाचं विचारलं, जाणार कोण ते विचारलंच नाही. तिने बरोबर सांगितलं. तीही त्यांच्यातलीच. परत फिरले.
सारिका मशीन घेऊन आली. दार उघडलं नाही. शुक्रवारच्या घरातली गोळी घेणार नाही, हे नक्की.

दुपारी
गोळी घेतली. डोकं दुखत होतं म्हणून.
न्हाणीघरात पाय सरकला. दांडी धरली. घट्ट बसवलीय मेल्याने.