उजव्या पायाची व्यवस्था

मी, दांग वान थुआत, वय अडुसष्ट, सुरुंग काढणाऱ्या तुकडीतला निवृत्त सार्जंट, राहणार दोंग सा गाव, थाई बिन्ह प्रांत, पूर्ण शुद्धीवर असताना आणि कोणाच्याही दडपणाखाली नसताना हे लिहून ठेवतो. बायकोचे दडपण आहे, पण ते बेचाळीस वर्षांचे जुने असल्यामुळे कायद्याने धरू नये. मन शंभर टक्के शाबूत आहे. शरीराचा सरकारी आकडा वेगळा आहे: अपंगत्व ऐंशी टक्के. हा आकडा ध्यानात ठेवावा, पुढे लागेल.

आमच्याकडे प्रत्येक सरकारी कागदाच्या डोक्यावर स्वातंत्र्य, मुक्ती आणि सुख असे तीन शब्द असतात. पहिल्या दोन्हींसाठी माझा उजवा पाय गेला. तिसऱ्याची फाइल प्रलंबित आहे.

कलम एक. तीन खणांचे घर, अंगणातली सुपारीची झाडे, मागचे तळे आणि त्यातली बदके माझी बायको थोआ हिची. तिच्या पश्चात मुलगी ल्येन हिची. ल्येन दक्षिणेत बुटांच्या कारखान्यात असते. मी तिला म्हणतो, "बाई, तुझ्या बापाला निम्म्या किमतीत जोड दे, मला एकच लागतो." ती दर वेळी हसते, आणि फोन ठेवल्यावर रडते असे जावई सांगतो. तिला घर विकायचे असेल तर खुशाल विकावे.

कलम दोन. सायकल दुरुस्तीची हत्यारे, पंप आणि पंक्चरचा डबा शेजारच्या क्वीच्या सुनेला द्यावा. ती माझ्यापेक्षा चांगले पंक्चर काढते. हे मी तिला जिवंतपणी सांगणार नाही.

कलम तीन. दर वर्षी सत्तावीस जुलैला, म्हणजे जखमी सैनिकांच्या दिवशी, आम्हाला ओळीने बसवून भाषण ऐकवतात आणि टेबलपंखा देतात. भाषणात मी देशाचा अमूल्य ठेवा असतो. ठेवा म्हटल्यावर अठ्ठावीस जुलैपासून मला कपाटात ठेवणे ओघानेच आले. असे अकरा पंखे जमले आहेत. ते सगळे अपंगत्वाचे टक्के ठरवणाऱ्या वैद्यकीय मंडळाच्या व्हरांड्यात लावावेत. तिथे ताटकळणाऱ्या ठेव्यांना वारा लागेल.

कलम चार. हे कलम खरे म्हणजे कबुलीजबाब आहे.

थोआच्या हृदयाची झडप खराब झाली आहे. विहिरीवरून एक बादली आणली की तिचे ओठ निळे पडतात. डॉक्टर म्हणाले, नववर्षाच्या सणाआधी हनोईला शस्त्रक्रिया व्हायला हवी, आणि त्यासाठी पूर्ण मोफत उपचाराचे कार्ड आणा. ज्या सैनिकाचे अपंगत्व एक्क्याऐंशी टक्के, त्याची घरी देखभाल करणाऱ्या माणसाला ते कार्ड मिळते. माझे ऐंशी. मधला एक टक्का कुठे गेला, ते आजवर मी कोणाला नीट सांगितलेले नाही.

पहिल्या तपासणीआधी थोआने आठ दिवस माझी तालीम घेतली होती.

"अहो, आत गेलात की बसून राहायचं. दुखतं का विचारलं, तर दुखतं म्हणायचं. म्हणा बघू."

"दुखतं!"

"असं? बढती मिळाल्यासारखं काय ओरडताय? जरा कण्हत म्हणा."

कण्हायला शिकलो. आत गेलो. टेबलामागे पाच जण. मधल्या अधिकाऱ्याने, वयाने माझ्या ल्येनपेक्षा लहान, कागदावरून मान वर करून हाक मारली, "कॉम्रेड सार्जंट थुआत!" बस्स. खुर्ची मागे, लाकडी टाच डाव्या टाचेला, हात कपाळाला. "हजर! तब्येत ठणठणीत!" फॉर्मवर रकाना होता, आधाराशिवाय उभा राहतो का. त्यांनी लिहिले: होय, सलामही करतो. त्यांचे काही चुकले नाही. जे दिसले ते लिहिले.

दुसऱ्या तपासणीत अध्यक्षांनाच एक हात नव्हता. त्यांच्यासमोर बसून कण्हायचे? पुन्हा उभा राहिलो. बाहेर थोआ जिन्यावर बसून श्वास गोळा करत होती. बसथांब्यावर येऊन टेकली. मग म्हणाली, "सुंभ जळला, पाय गेला, पीळ तेवढा शिल्लक. चला, देशाचं भलं झालं."

मला खरेच लाज वाटते. सुरुंगावर पाय पडला त्याची वाटली नाही, या उभे राहण्याची वाटते.

कलम पाच. माझ्या पाठीत लोखंडाचे तुकडे आहेत. एक्स-रेच्या फोटोत ते स्पष्ट दिसत नाहीत, सबब त्यांचे टक्के धरता येत नाहीत, असा लेखी शेरा आहे. तेव्हा आमच्याकडच्या रीतीप्रमाणे, पुरल्यावर तीन वर्षांनी माझी हाडे उकरून धुताना घरच्यांनी घाई करू नये. पाणी गाळून घ्यावे. जे तुकडे निघतील ते पाकिटात घालून, अर्जाचा क्रमांक लिहून, मंडळाकडे रजिस्टर टपालाने पाठवावेत. सोबत चिठ्ठी: आता दिसत असावेत.

कलम सहा. होआंग दिन्ह क्वी, आमच्या तुकडीचा स्वयंपाकी. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळता कामा नये असा नियम आहे. म्हणून मी क्वीला साक्षीदार केले आहे. हा नियम मला फार आवडला. याने मंडळासमोर असा काही टाहो फोडला की व्हरांड्यातली कोंबडी उडाली, आणि पठ्ठ्याला पहिल्याच फटक्यात एक्क्याऐंशी. त्याच्या बायकोचे दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू त्याच कार्डावर निघाले. सहा वर्षे मी त्याच्याशी धड बोललो नाही. न्यायाला धरून हेही लिहितो की बहात्तर साली क्वांग त्रीच्या लढाईत, सुरुंग फुटल्यावर मला पाठुंगळीला मारून चिखलातून पाच किलोमीटर नेणारा हाच, आणि त्याचा मणका सरकला तो त्याच दिवशी. म्हणजे त्याच्या टक्क्यांत काही माझेही आहेत.

कलम सात. ~~उजवा लाकडी पाय माझ्याबरोबर पुरावा. गेलो तर दोन पायांवर जाईन.~~

हे कलम खोडले आहे. कारण असे. आज सकाळी क्वी साक्षीदार म्हणून सहीला आला. सगळे वाचले, सहाव्या कलमावर पोट धरून हसला, आणि या सातव्यापाशी आल्यावर त्याने हात पुढे केला.

"पाय दे."

"मेल्यावर बरोबर नेणार आहे. लिहिलंय, दिसत नाही?"

"मेल्यावर काय कवायत आहे तुझी? आत्ता काढ. चौदा तारखेला तिसरी तपासणी ना? तोवर राहील माझ्याकडे."

"अरे, मी एका पायावरही उभा राहीन!"

"राहा की. बघू दे."

पट्टे सोडून उभा राहिलो. म्हणजे राहायला गेलो. पाठीने साथ दिली नाही. मी कोसळलो तो शेजारी उभ्या थोआच्या खांद्यावर, आणि माझ्या वजनाखाली तिला धाप लागली. ती धाप मी कानाशी ऐकली. तिच्यासमोर आयुष्यात पहिल्यांदा, न शिकवता, म्हणालो, "दुखतं गं."

ती म्हणाली, "आता कसं बरोबर म्हणालात."

सबब, पाय आजपासून क्वीच्या ताब्यात. हे दान नव्हे, ठेव आहे, म्हणून त्याच्या साक्षीला बाध येत नाही. चौदा तारखेला थोआ मला हातगाडीवरून नेईल असे ठरत होते, ते मी मोडून काढले आहे. गाडी क्वी ओढेल. त्याचा मणका दुखेल. त्याने कण्हावे, त्याला येते. अध्यक्षांनी कोणत्याही हुद्द्याने हाक मारली तरी मी बसून उत्तर देईन.

साक्षीदार:
१. होआंग दिन्ह क्वी, निवृत्त सैनिक, ऐवज एक पाय मिळाला
२. बुई थी न्यान, परिचारिका, गाव आरोग्य केंद्र

ठिकाण: दोंग सा, थाई बिन्ह प्रांत
दिनांक: २ ऑक्टोबर २०१९

दांग वान थुआत
(सही बसून केली आहे.)