नळाचं पाणी आणि तुझी टाकी

रविवार, ९ मार्च
सकाळचे दहा

चि. ठकूस अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघं ठणठणीत आहोत. आईचा गुडघा कुरकुरतो, पण तिच्याइतका नाही. हे वाक्य तिने वाचलंय, आणि तरीही मला चहा मिळाला.

आता खरी बातमी. तुझी टाकी स्वच्छ झाली! नुसती स्वच्छ नाही, लख्ख. काल शेजारचे पोस्टमास्तर खुर्ची ओढून अर्धा तास समोर बसले आणि म्हणाले, "अहो, यात पाणी भरलंय की मासे हवेत सोडलेत?" माझी कॉलर ताठ झाली. जलशुद्धीकरण केंद्रात एकतीस वर्षं काढली, पण असं कौतुक कधी वाट्याला आलं नाही. तिथे पाणी स्वच्छ आलं तर कुणी बोलत नाही आणि जरा गढूळ आलं की फोन सुरू.

कसं जमवलं ते सविस्तर सांगतो. आईला चारदा सांगून झालंय, आता ती कानांवर हात ठेवते.

जानेवारीत दगडांवर हिरवं केसाळ शेवाळ नुसतं माजलं होतं. बोटाच्या पेराएवढा तुकडा आणून तू वाढवलेलं ते जांभळं प्रवाळ, त्याच्या बुडापर्यंत ते पोचलं होतं. प्रवाळाने सगळी तोंडं मिटून घेतलेली. दोन्ही पट्टेरी मासे (मी त्यांना मुकादम म्हणतो, कामाला हात न लावता देखरेख करतात) एका कोपऱ्यात. मी एकेक दगड टाकीच्याच पाण्याच्या बादलीत काढून टूथब्रशने घासला. जुना समजून आईचा नवा ब्रश घेतला होता, त्यावरून घरात काय झालं ते लिहीत नाही. माशांचं खाणं दिवसाआड केलं, दिवा पाच तासांवर आणला, शेवाळ खायला डझनभर गोगलगायी कामावर घेतल्या. दर रविवारी पाचवा हिस्सा पाणी बदललं, तेही समुद्राच्या पाण्याइतकं मीठ तोलून. आठ आठवडे, एकही खाडा नाही.

पाणी कुठलं वापरलं, असं तू विचारशीलच.

तुझ्या फिल्टरचं. तेच, थेंब थेंब गळणारं, एका बादलीला अर्धा दिवस घेणारं. आणि इथे मला जरा खाकरून घ्यावं लागतंय.

ठकू, तू जाताना बजावलं होतंस की आटलेल्या पाण्याच्या जागी फक्त हेच घालायचं. मी पहिले काही महिने घातलं. मग माझं डोकं फिरलं. ज्या नळाचं पाणी मी अख्ख्या शहराला पाजलं, ते तुझ्या दोन माशांना चालत नाही म्हणजे काय? मी गुपचूप नळाचं घालू लागलो. क्लोरीन उडून जावं म्हणून बादली दिवसभर उघडी ठेवायचो, म्हणजे मी काही अडाणी नाही. शेवाळ आलं तेव्हा मात्र तुला लिहिलं की तुझा दिवाच सदोष आहे, टाकी घेऊन जा, नाहीतर मी काढून टाकतो.

त्यावर तुझं उत्तर आलं नाही. पाणी तपासायच्या बाटल्यांचा डबा आला. चिठ्ठीसुद्धा नव्हती. मला राग आला, खरं सांगतो. टाकीचं पाणी तपासलं तर निळं झालं, म्हणजे त्यात फॉस्फेट, शेवाळाचं खतच. नळ निर्दोष आहे हे दाखवायला मग नळाचं तपासलं. ते त्याहून गडद निळं. मी तीनदा करून पाहिलं. आई म्हणाली, "आता किती वेळा विचारणार आहात त्याला?"

नळाचे पाइप गंजू नयेत म्हणून आम्ही पाण्यात फॉस्फेट सोडतो. माणसाला त्याचा काही त्रास नाही. ते सोडायचा पंप एकतीस वर्षं मीच चालवला, आणि तुझ्या टाकीपुढे ते मला आठवलं नाही. आठवू दिलं नाही म्हण. तू माझ्या खात्याची परीक्षा सोडून माशांच्या टाक्या सांभाळायच्या नोकरीला निघालीस, तेव्हा दारात मी म्हणालो होतो, "पाण्यातलं तुला काय कळतं?" दीड वर्ष झालं. ते वाक्य मला रोज ऐकू येतं. तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं, ठकू. हे मी काल पोस्टमास्तरांसमोर मोठ्याने सांगितलं. माझी मुलगी म्हणून सांगताना छाती इतकी फुगली की आई हसायला लागली.

प्रवाळाची तोंडं सगळी उघडली आहेत. एक फांदी काचेला टेकायला आलीय, ती कापून तिचं वेगळं रोप करायला हवं. पुस्तकात कृती आहे, कातरही आणली. दोनदा हातात घेतली आणि खाली ठेवली. मला ते पुस्तकातून शिकायचं नाही.

पुढच्या रविवारी ये. तू काप, मी बादली धरतो.

तुझ्या हाताखालचा,
बाबा